चिमणीचा बंदोबस्त

मी एक जुनी, विटांची शेकोटी आहे आणि, मित्रांनो, मला आगीची भीती वाटते. हसू नका. पूर्वी वाटत नसे.

मला बांधलं तेव्हा या घराच्या भिंती अजून ओल्या होत्या. गवंडी एकेक वीट हातात घ्यायचा, दुसरीवर वाजवायचा आणि खणखणीत आवाज आला तरच लावायचा. माझं तोंड खाली, जेवणाच्या खोलीत. तोंडापासून छपराच्या वरपर्यंत विटांचीच एक पोकळ नळी आहे. पुस्तकात तिला धुराडं म्हणतात, घरात सगळे चिमणी म्हणतात. तुमच्या नाकाचं जे काम, तेच तिचं. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, जाताना धूर घेऊन जाते आणि तिच्या जागी खोलीतली ताजी हवा माझ्या तोंडात शिरते. बांधून झाल्यावर गवंड्याने ओला पेंढा पेटवून पाहिला. सगळा धूर सरळ वर गेला. "ओढते बरं का चांगली," तो म्हणाला. माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी.

पुढे कितीतरी हिवाळे लोक माझ्याकडे पाठ करून जेवले. पाठ करणं हे माझ्या बाबतीत प्रेमाचं लक्षण असतं. ओले मोजे माझ्यापुढे वाळले, रुसलेली माणसं माझ्यापुढे बसून निवळली. मग विजेचे हीटर आले. माझ्या तोंडावर एक प्लायवूडची फळी ठोकली गेली आणि फळीला टेकून एक मोडकी सायकल उभी राहिली. खोलीचं अडगळीचं कोठार झालं. एकटेपणाची सवय होते, मित्रांनो. निदान तेव्हा मला कुणाची भीती तरी नव्हती.

गेल्या वर्षी घरात नवं कुटुंब आलं. आई, बाबा आणि टोपलीत मावेल एवढी मुलगी. तिचं खरं नाव अजून ठरायचं होतं, तोवर सगळे तिला चिमणी म्हणत. आईने फळी काढली, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आपण जेवायचं ते इथेच."

मग तिने खोली आखायला घेतली. टेबल कुठे, कपाट कुठे, खुर्ची मागे सरकवायला जागा किती, सगळं खडूने जमिनीवर काढलं. लाकडाचे नमुने माझ्यापुढे ओळीने मांडले आणि त्यांतला सर्वांत गडद निवडला. बाबांची मोठी बहीण, म्हणजे चिमणीची आत्या, तो बघायला मुद्दाम आली.

"इतकी काळी जमीन? अगं, चमचा पडला तर सापडेल, मुंगी नाही सापडायची."

"वन्सं, विटांचा तांबडा रंग गडद लाकडावरच उठून दिसतो."

"दिसू दे. पुसायला मला बोलावू नकोस म्हणजे झालं."

आई काळजी घेणारी होती. निखारा उडून लाकडावर पडू नये म्हणून तिने माझ्यापुढे दगडाचा रुंद पट्टा ठेवायला लावला. गारठा आत येऊ नये म्हणून दाराखिडक्यांच्या फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या. फटींतून येणाऱ्या वाऱ्यावरच मी श्वास घेते, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिथे मला पहिल्यांदा जरासं गुदमरल्यासारखं झालं.

माझ्या माथ्यावर चिमण्यांनी घरटं केलं होतं. त्यातल्या काटक्या गळून खाली पडत. एके दिवशी जमीन घासायचं यंत्र घरघरत असताना आईने डागडुजीला आलेल्या गवंड्याला ओरडून सांगितलं, "अहो, त्या चिमणीचा काहीतरी बंदोबस्त करा! सारख्या काटक्या पडतात."

"कायमचा करू, वहिनी?"

"कायमचाच करा!"

गवंडी छपरावर चढला. घरटं रिकामं होतं, ते त्याने काढलं. माझ्या नळीच्या टोकाला आकाशाचा एक चौकोन होता. मी जन्मापासून तो पाहत आले होते. त्यावर एक दगडी लादी सरकू लागली. चौकोनाची पट्टी झाली, पट्टीची रेघ झाली, मग काहीच उरलं नाही. वरून सिमेंट थापल्याचा आवाज आला. गवंडी खाली उतरला आणि म्हणाला, "चिमणी बंद केली, वहिनी. आता आत काही यायचं नाव नको."

"बरं झालं बाई, सुटले!" आई म्हणाली.

तिला वाटलं, पाखरांसाठी जाळी बसली. त्याला वाटलं, शेकोटी आता नुसती शोभेची. एका शब्दाने दोघांचंही समाधान केलं. मी तेवढी दोघांच्या मधोमध तोंड उघडं टाकून बसले होते आणि मला बोलता येत नव्हतं.

काही आठवडे माझ्या तोंडात फुलदाणी होती. ती तिथेच राहावी, एवढंच मी मागत होते. पण खोली पूर्ण झाली आणि पहिल्या जेवणाला आत्याला बोलावलं गेलं. संध्याकाळी आईने फुलदाणी उचलली.

"लाकडं नकोत," बाबा म्हणाले. "पहिल्याच दिवशी पडदे धुरकटतील. मी कोळसे आणलेत."

लाकडं असती तर धूर खोलीभर झाला असता, डोळे चुरचुरले असते, सगळे खोकत बाहेर पळाले असते. स्वयंपाकघरात फुलवून आणलेल्या लाल कोळशांना धूर जवळजवळ नसतो. त्यांच्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. तो माझ्या नळीतून वर चढला, लादीवर आपटला आणि तसाच खाली परत आला. मला तो जाताना कळला, येतानाही कळला.

आईने चिमणीची टोपली आणून माझ्याजवळ ठेवली. "शेकेल जरा."

नको, मी म्हणत होते. नको, नको. विटांना आवाज नसतो.

चिमणी थोडी कुरकुरली, मग गप्प झाली.

"बघा, कधी नव्हे ती शहाण्यासारखी झोपली," आई म्हणाली.

बाबांनी कपाळ चोळलं. "माझं डोकं जड झालंय. पॉलिशचा वास असेल." आई ताटं मांडायला उठली आणि पुन्हा खुर्चीत बसली. तिला हसू आलं. "पाय बघा कसे लटपटतात. दिवसभर उभी आहे ना."

तेवढ्यात घंटा वाजली. बाबा भिंतीला धरत गेले. आत्या मागच्या गल्लीने आली होती. तिथून आमचं छप्पर दिसतं आणि अजून पुरता अंधार पडला नव्हता. शाल काढता काढताच तिचं तोंड सुरू झालं.

"काय गं, चिमणीला टोपरं कुणी घातलं?"

"मीच घातलं, वन्सं. गारठा आहे ना."

"तू? छपरावर चढलीस?"

"छपरावर कशाला चढू? टोपलीत ठेवायच्या आधीच घातलं."

आत्याने टोपलीकडे पाहिलं. बाळाच्या डोक्यावर लोकरीचं टोपरं होतं. "अगं, ही नव्हे! ती वरची, धुराची चिमणी! पार सिमेंटने लिंपून..."

तिची नजर माझ्या लाल तोंडावर पडली. आत्याची जीभ मधेच थांबलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

"उचल! उचल तिला!" ती ओरडली आणि स्वतःच धावली. टोपलीसकट चिमणी अंगणात गेली. बाबांनी खिडकी ढकलली, ती रबरामुळे चिकटली होती, त्यांनी ती खांद्याने रेटून उघडली. आई उठली आणि त्या गडद जमिनीवर गुडघ्यांवर कोसळली. बाबांनी तिला ओढत बाहेर नेलं.

मला अंगण दिसत नाही. मी फक्त ऐकत होते. बाबा फोनवर पत्ता सांगत होते आणि घराचा नंबर चुकत होते. आत्या म्हणत होती, "चिमणे, डोळे उघड. रड गं बाई, रड ना. एरवी घर डोक्यावर घेतेस." तिचा दरडावणीचा आवाज हळूहळू विनवणीचा झाला. माझ्या पोटात कोळसे तडतडत होते. मला ते थुंकून टाकता येत नव्हते.

मग एक बारीक, चिरका आवाज आला. चिमणी रडली.

रुग्णवाहिका सगळ्यांना घेऊन गेली. प्राणवायू देऊन तिघांना तपासलं, बाळाला थोडं जास्त ठेवून घेतलं. ती घरी आल्यावर गवंडी आला. तो जमिनीवर बसून राहिला.

"वहिनी, तुम्ही चिमणी म्हणालात..."

"मी पाखराचं म्हणत होते हो."

तो उठला. त्याने वर जाऊन लादी फोडली आणि जाळी बसवली. आईने भिंतीवर त्या वायूची सूचना देणारं यंत्र लावलं. रबराच्या पट्ट्या काढून टाकल्या. तरी तिने मला अजून पेटवलेलं नाही.

आता चिमणी रांगते. गडद लाकडावरून धपाधप हात आपटत दगडाच्या पट्ट्यापर्यंत येते आणि माझ्या विटेला गाल लावते. मी थंड असते. ती इतक्या जवळ असताना थंड असणं किती चांगलं, हे मी कुणाला सांगू?

पण थंडी वाढते आहे. अंगणात लाकडं रचल्याचं ऐकू येतं. आज ना उद्या मला पेटवतील आणि मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून तुम्हाला विनवते, मित्रांनो. घरात काहीही पेटवण्याआधी बाहेर जाऊन वर बघा, वाट मोकळी आहे का ते. एक खिडकी किलकिली ठेवा. सांगितलेलं काम झालं असं कुणी म्हणालं, तर काय झालं ते डोळ्यांनी पाहून या. आणि शेकोटीपाशी कुणी फारच शांत झोपलं असेल, तर कौतुक करत बसू नका, त्याला हलवून उठवा. मी पेटले की माझं मला विझता येत नाही.