रताळ्याच्या सुईची धास्ती

जगाचा इतिहास टोकदार वस्तूंनी घडवला आहे. भाल्याने राज्यं मिळाली, नांगराच्या फाळाने रानं पिकली, लेखणीने भल्याभल्यांची झोप उडवली. त्याच थोर कुळात माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी विणकामाची सुई आहे, आणि रताळं शिजलं की नाही हे सांगण्याचं काम करते.

हसून घ्या, मी थांबते. मला स्वतःला हसता येत नाही. मला फक्त घाबरता येतं, आणि तेही ताठ उभं राहून.

पहिली भीती मला कारखान्यातच वाटली. पोलादाची तार ओढून, तासून, टोक काढून माझ्या डोक्यावर करडी टोपी बसवत होते, तेव्हा शेजारच्या यंत्रावर खिळे तयार होत होते. त्यांच्या डोक्यावर पुढे काय पडणार आहे ते मला दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. तेव्हापासून मी दचकते ती दचकतेच.

आम्ही दोघी बहिणी जोडीने विकल्या गेलो. आम्हाला आत्याने घेतलं. ती सगळ्यांची आत्या नव्हे, एका मुलीचीच. पण मला ती आत्या म्हणूनच ठाऊक आहे. शाळेचे स्वेटर विणण्याच्या कामात तिने सव्वीस वर्षं काढली. त्या पैशांवर धाकट्या भावाला वाढवलं, हाताला धंदा दिला, त्याचं लग्न लावलं. घर तिनेच उभं केलेलं, पण कोणी विचारलं तर म्हणायची, "मी भावाकडे असते."

भाऊ कातारी होता, म्हणजे यंत्रावर लाकूड फिरवून पलंगाचे पाय, दारांच्या मुठी घडवणारा. एके दिवशी त्याने यंत्रात अडकलेला भुसा काढायला माझी बहीण नेली. ती परत आली नाही. एका हाताने टाळी वाजत नाही आणि एका सुईने स्वेटर होत नाही. मी रातोरात बेकार झाले. आता भंगार, आता भट्टी, असं म्हणत मी खणात पडून राहिले.

मला वाचवलं ते रताळ्याने. एका दुपारी काटा सापडेना म्हणून आत्याने मला उचललं आणि पातेल्यात खुपसलं. मी डोळे मिटले. वाफ, अंधार, गोड वास, आणि काय सांगू मित्रांनो, लोकरीपेक्षा मऊ! बाहेर आले तेव्हा माझ्या अंगाला केशरी गर होता आणि आत्या म्हणत होती, "झालं बघ. ही बरोबर सांगते."

त्या दिवसापासून माझा मुक्काम आत्याच्या अंबाड्यात. त्या घराला रताळ्याचं वेड होतं. सकाळी डब्यात उकडलेल्या फोडी, मीठ-मिरपूड लावून. चार वाजता तव्यावर पातळ काप, कडा कुरकुरीत होईपर्यंत. कोणी आजारी असेल तर दुधात कुस्करून. थंडीत निखाऱ्यात भाजलेलं, साल फाटून आतला पाक बाहेर येऊन करपलेलं. त्या करपलेल्या तुकड्यासाठी भाऊ आणि त्याची आठ वर्षांची मुलगी यांची भांडणं होत. मुलीला सगळे मुंगी म्हणत. गोडाचा वास लागला की ती कोणत्या फटीतून येई ते कळत नसे.

आणि प्रत्येक वेळी शेवटचा शब्द माझा. मी मध्ये अडखळले तर "अजून दहा मिनिटं". सरळ आरपार गेले आणि सुटून बाहेर आले तर "बसा रे सगळे". आत्याच्या हातून कच्चं रताळं कधी गेलं नाही. लोक तिचं कौतुक करत, ती माझं करी. एवढा मान मिळाल्यावर कोणीही घाबरेल. मान गेल्यावर काय, ही चिंता मान नसलेल्यांना नसते.

मग एक दिवस आवाज आला. टण्.

आत्याने मला रताळ्यात खुपसायला हात खाली नेला आणि मी पातेल्याच्या कडेवर आपटले. "अगं बाई, हात घसरला," ती म्हणाली. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. म्हणजे ती मलाच सांगत होती.

पुढच्या आठवड्यात दोनदा टण्. मग रोज. मग तिने नवी पद्धत काढली: डाव्या हाताने पातेल्याची कड चाचपायची, अंगठ्याने अंतर मोजायचं आणि मग मला सोडायचं. अंगठा भाजे. गॅसचं बटण ती कानाने लावू लागली, माणसं पावलांवरून ओळखू लागली. दारातून कोणी काही दाखवलं की म्हणे, "वा, रंग छान आहे हो!" एकदा भावाने विजेचं बिल दाखवलं होतं.

आत्याला दिसेनासं झालं होतं, आणि ते दोघींनाच माहीत होतं. तिला आणि मला.

गंमत पाहा, भावाची बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एकदा शंका येऊन तिने दुकानातला अक्षरांचा तक्ता घरी आणला. "वन्सं, वाचा बरं." आत्याने 'ग'पासून तळाच्या बारीक रांगेपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं. वहिनी खूश झाली. तिला काय माहीत, मुंगी आदले चार दिवस तोच तक्ता घेऊन दुकान-दुकान खेळत होती आणि गिऱ्हाइकांना मोठमोठ्याने वाचून दाखवत होती.

पण जाताना वहिनी सहज बोलली, "बरं झालं. दिसत नसतं तर गॅसला हात लावू दिला नसता."

त्या रात्री आत्याने मला अंबाड्यातून काढलं आणि हातात धरून बसली. "ऐकलंस ना?" एवढंच म्हणाली. मला कळलं. चुलीपाशी तिची जागा होती. तिथून उठवलं तर या घरात ती कशासाठी, हा तिचा प्रश्न होता. आणि तिचं उत्तर माझ्या टोकावर उभं होतं. मित्रांनो, दहा नंबरच्या सुईचं टोक केवढंसं असतं?

शेवटी तो रविवार उजाडला. चार वाजायच्या बेताला आत्याने टोपलीतली पाच रताळी चाचपून, धुऊन पातेल्यात टाकली. अर्ध्या तासाने मी कामाला लागले. पहिलं, झालं. दुसरं, झालं. तिसरं, चौथं, लोण्यासारखी. पाचवं... टक्.

टण् नव्हे, टक्. मी पातेल्यावर आपटले नव्हते. मी रताळ्यावरच आपटले होते.

"निबर दिसतंय," आत्या पुटपुटली आणि गॅस वाढवला. दहा मिनिटांनी पुन्हा टक्. पाणी घातलं. पुन्हा टक्. मी आयुष्यात अनेक रताळी पाहिली, पण असं पाषाणहृदयी रताळं पाहिलं नव्हतं. तास होत आला. मला दरदरून घाम फुटला. लोक त्याला वाफ म्हणाले असते.

भाऊ डोकावला. "ताई, आज काय हत्ती शिजतोय का?"

"एक हट्टी निघालंय. बाजारवाल्याने गळ्यात मारलं."

वहिनी आतून म्हणाली, "सोडून द्या ना वन्सं. चार आहेत तेवढी पुरे."

"सोडून द्या? माझ्या हातून आजवर कच्चं गेलंय का?" असं म्हणून आत्याने मला दोन्ही मुठींत धरलं आणि सगळा भार टाकला. मी वाकले. कमरेतून. पोलादाला रडता आलं असतं तर तेव्हा रडले असते.

तेवढ्यात मुंगी हॉलभर शोधत फिरू लागली. "बाबा, माझ्या दुकानातलं रताळं कुठंय? तुम्ही केलेलं? मी टोपलीत ठेवलं होतं, खऱ्या दुकानासारखं!"

भावाने महिन्यापूर्वी मुलीला लाकडी भाज्या कातून दिल्या होत्या. रंग द्यायचा राहिला होता. भाऊ पातेल्यापाशी आला, आत पाहिलं, आणि त्याला स्वतःच्या हाताची कातीव रेघ दिसली. मग त्याने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती त्याच्या कानाशेजारच्या भिंतीकडे पाहून हसत होती.

मी त्याच क्षणी समजले की त्याला समजलं.

त्याने चिमट्याने ते रताळं उचललं आणि सरळ पँटच्या खिशात घातलं. "ताई, हे खरंच कच्चं निघालं. मी... मी नंतर खातो." त्याचा चेहरा लाल झाला, एक पाय आपोआप नाचू लागला, पण माणूस जागचा हलला नाही. भावाने बहिणीसाठी एवढं सोसलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पण मुंगी ओरडली, "आई, बाबांच्या खिशातून वाफ येतेय!"

झालं. खिसा रिकामा करावा लागला. लाकडी रताळं टेबलावर ठेवलं गेलं. वहिनीने त्यावरचे माझ्या टोकाचे ठिपके पाहिले आणि आतून अक्षरांचा तक्ता घेऊन आली. "वन्सं, वाचा."

"ग," आत्या म्हणाली. "म, प. र, ट, न..." तळाच्या रांगेपर्यंत एकही चूक नाही.

वहिनीने तक्ता उलटा धरला होता. मागची कोरी बाजू पुढे.

कोणी हसलं नाही. मुंगीसुद्धा नाही. आत्यालाच त्या शांततेवरून कळलं. ती खुर्ची चाचपून बसली. "मला भीती वाटते गं," ती म्हणाली. "मोतीबिंदू काढताना डोळ्यात सुई घालतात म्हणे."

"अहो, सगळा जन्म सुया हातात धरून बसलात तुम्ही!"

"हातात वेगळी, डोळ्यात वेगळी." मग खालच्या आवाजात, "आणि तुम्ही मला गॅसपासून उठवाल. मग मी इथे काय करू?"

वहिनी फणकाऱ्याने म्हणाली, "उठवून काय मी रताळी उकडू? मागे एकदा उकडली होती, आठवतंय? मुलीने त्या लगद्याने पतंग चिकटवले. चार दिवस कळ काढा, डोळे करून या, आणि तुमचा गॅस तुम्ही सांभाळा."

"आणि ताई," भाऊ मांडी चोळत म्हणाला, "पुढच्या वेळी लाकूड भाज. उकडलेलं मला आवडत नाही."

तेव्हा कुठे आत्या हसली. भिंतीकडे नव्हे, आवाजाच्या दिशेने.

दवाखान्यात मी अंबाड्यात बसून गेले. नर्सबाईंनी मला उपसलं. "हे काय?"

"रताळ्याची सुई," आत्या म्हणाली.

बाईंनी मला क्षणभर जवळच्या ट्रेमध्ये ठेवलं. मित्रांनो, माझ्या एका बाजूला चकचकीत चिमटे होते, दुसऱ्या बाजूला नाजूक कात्र्या. डॉक्टर हात धुऊन आमच्याच दिशेने येत होते. घाईत त्यांनी मलाच उचललं तर? एवढी वर्षं मी शिजलं की नाही एवढंच सांगत आले आहे! वहिनीने मला झटकन पर्समध्ये टाकलं, म्हणून आज हे सांगायला मी आहे.

आत्याला दिसू लागलं. घरी येताच तिने मला मागितलं, खिडकीपाशी नेलं आणि किंचाळली, "अगं बाई! ही एवढी वाकडी? आणि हे काळं काय चिकटलंय? मी हिला रताळ्यात घालत होते, आणि तुम्ही खात होतात?"

मी खणात गेले. शेजारी ते लाकडी रताळं. आम्ही दोघं अंधारात एकमेकांशी बोलत नसू. जागा काट्याने घेतली. मला रोज वाटे, आज भंगारवाला येणार.

भंगारवाला आला नाही, आत्याच आली, तिसऱ्या आठवड्यात. "काट्याला विचारावं तर तीन टोकांनी तीन उत्तरं देतो," ती म्हणाली. मला पातेल्याशी नेलं, आणि नव्या लखलखीत डोळ्यांनी सगळं दिसत असूनही डोळे मिटून मला खाली सोडलं. मी वाकडी होते, तरी आरपार गेले.

"झालं," आत्या म्हणाली. "बसा रे सगळे."

म्हणून सांगते मित्रांनो, घरातलं कोणी बिल पाहून रंगाचं कौतुक करू लागलं तर हसू नका. त्याला कसली भीती वाटते ते जवळ बसून विचारा. जुनी माणसं आणि जुन्या सुया वाकल्या तरी आरपार जातात, त्यांना जपा.

आणि हे सगळं नाही जमलं, तरी एक करा. काम झाल्यावर मला ओल्या फडक्याने पुसून ठेवा. रताळ्याचा गर वाळला की फार खाज सुटते.