पैलवानाने खुर्ची उचलली नाही

सकाळी सव्वाअकराला फर्निचरच्या गोदामात लोखंडी कपाट उचलायच्या पट्ट्यातून निसटलं आणि पैलवानाच्या उजव्या खांद्यावर आदळलं. तो उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "काही नाही झालं."

दोघांचं ओझं तो एकट्याने न्यायचा, म्हणून गोदामात त्याला पैलवान म्हणत. पण संध्याकाळी त्याला शर्टाची बटणं काढता येईनात. थोरल्या बहिणीने ते पाहिलं आणि त्याला तसंच उठवून सुपरवायझरकडे नेलं. कपाट पडताना पाहणाऱ्या दोघांच्या नावांसकट अपघाताची नोंद करवली, तेव्हाच ती तिथून हलली. पूर्वी शिलाईच्या कारखान्यात तिच्या बोटात सुई घुसली होती, तेव्हा साहेबांना "बरं आहे" म्हणून ती मोकळी झाली होती. बोट पुढे वाकलंच नाही आणि भरपाईही मिळाली नाही.

भरपाईच्या तपासणीसाठी विमा कंपनीच्या डॉक्टरकडे जाताना तिने विचारलं, "कसं वाटतंय म्हणाले, तर काय सांगशील?"

"बरं आहे म्हणेन. सगळेच म्हणतात, ताई."

"सगळ्यांचे खांदे शाबूत आहेत. आणि मागे जिन्यावरून पडला होतास, तेही सांग."

"ते कशाला? म्हणतील, जुनंच दुखणं आहे."

"लपवलंस आणि त्यांनी शोधून काढलं, तर खरा मारही खोटा ठरेल."

तपासणीच्या खोलीत गोदामाचा मॅनेजर आधीच येऊन बसला होता. "या पैलवान," तो हसून म्हणाला, "ती खुर्ची जरा इकडे घ्या. डॉक्टरांना जागा होईल."

साधी लाकडी खुर्ची. पैलवानाचा हात सवयीने पुढे गेला आणि अर्ध्यात थांबला.

"का हो, खुर्चीसुद्धा जड झाली?"

पैलवानाचे कान तापले. आजवर कुठल्याही ओझ्याला तो नाही म्हणाला नव्हता. ताई भिंतीकडे बघत बसली होती.

"उजव्या हाताने उचलता येत नाही, साहेब," तो म्हणाला. एकदा तोंड उघडल्यावर पुढचं सोपं गेलं. हात छातीपर्यंत येतो, त्याहून वर नेला की आतून सुरी फिरते. कूस बदलली की जाग येते. चार वर्षांपूर्वी जिन्यावरून पडलो, तेव्हा हाच खांदा दुखावला होता. पण त्यानंतर कपाट पडेपर्यंत रोज ओझी उचलली, हे मॅनेजरसाहेबांनीच सांगावं.

डॉक्टरांनी मॅनेजरकडे पाहिलं. "उचलत होते?"

"हो... उचलत होते."

"मग खुर्ची तुम्हीच घ्या इकडे."

मॅनेजरने खुर्ची आणून ठेवली.

बाहेर दोन्ही साक्षीदार हमाल वाट बघत होते. "काय झालं रे?"

"खुर्ची उचलायला सांगितली. नाही उचलली," पैलवान म्हणाला. जिन्याने तीन मजले फ्रीज एकट्याने नेल्याचं तो याच थाटात सांगायचा. हमालांनी त्याची पाठ थोपटली, डाव्या बाजूने.

दुखापत कामावरचीच आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. विमा कंपनीने दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी मागितली आहे. पैलवानाने येतो म्हणून कळवलं. तारीख अजून आलेली नाही.