आधी, नंतर, नंतर दोन

मी बाबांच्या दुकानातला संगणक सुरू केला आणि आई म्हणाली, "ह्याचं काही खरं नाही."

ती दाराशी स्टुलावर बसली होती, संगणकाकडे पाठ करून. आतली डिस्क फिरता फिरता मध्येच अडखळत होती. तो बारीक टक् असा आवाज मला तिने सांगितल्यावर ऐकू आला.

"किती दिवस काढेल?" मी विचारलं.

"दिवस कसले. आजचा काढला तरी पुष्कळ."

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या घरी चाळीस वर्षं राहिल्यावर असा कान येतो, असं कोणी म्हणेल. खरं ते उलट आहे. कान पहिल्यापासून आईचाच. बाबांना शेवटची बारा वर्षं डाव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं आणि उजव्याने जेमतेम. मशीनचं दुखणं आवाजावरून ओळखायचं असतं, त्यामुळे हे त्यांनी गिऱ्हाइकांना कळू दिलं नाही. त्यांनी एक पद्धत काढली. मशीन आलं की मिनिटभर चालवून त्याचा आवाज खिशातल्या रेकॉर्डरवर टिपायचा आणि फाइलला नाव द्यायचं 'आधी'. दुरुस्ती झाली की पुन्हा टिपायचा, तो 'नंतर'. संध्याकाळी दोन्ही पेनड्राइव्हवर घालून घरी आणायचे. आई कपड्यांच्या घड्या घालता घालता ऐकायची आणि निकाल द्यायची: "झालं", किंवा "अजून नाही". अजून नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी 'नंतर दोन'.

दर मशीनमागे एक फोल्डर. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव नसे, दुखणं असे. 'शाळेचं, सुया मोडतं.' 'पडदेवाल्या बाई, मागे जाताना रडतं.' 'उंच गृहस्थ, टाका सोडतं, स्वतःही चिडके.' असे दोन हजार एकशे चौदा फोल्डर होते.

बाबांना जाऊन सहा आठवडे झाले होते. सोमवारपासून दुकान मिस्त्रीकाका चालवणार होते. वीस वर्षं ते बाबांच्या शेजारी त्याच बाकावर बसले. अवघड जोडकाम त्यांचं. त्यांनी आमच्याकडे एकच गोष्ट मागितली. "हात माझ्याकडे आहेत," ते म्हणाले, "कान नाही. ते फोल्डर तेवढे माझ्या फोनवर दिसतील असं कर. मशीन बोलायला लागलं की काढून ताडून बघता येईल."

त्यांना ते आवाज कामासाठी हवे होते. मला कशासाठी हवे होते ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला बाबा पेचकसाच्या मुठीने मशीनवर तीनदा ठोकायचे आणि म्हणायचे, "हं, बोला." त्यांचा आवाज माझ्याकडे दुसरा कुठेच नव्हता. आमच्या घरात फोटो काढायची सवय होती, आवाज टिपायची नाही.

"मला जन्मभर अगं-तुगं," आई म्हणाली, "आणि मशीनला बोला."

मी एका ग्रंथालयात सूची करते. ढिगाने आलेल्या नोंदी एकेक करून भरण्यापेक्षा संगणकाला चार ओळींत सांगून ठेवावं, हे तिथेच शिकले. स्क्रिप्ट म्हणजे तेवढंच: हा फोल्डर उघड, आतली फाइल उचल, क्लाउडवर ठेव, पुढच्या फोल्डरला जा. सकाळी नऊला ती सुरू केली. दुकान दहा पावलांचं. बाकावर बाबांचा चष्मा, एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी तो हलवला नाही, कीबोर्डच जरा सरकवला.

बाराला पडद्यावर आलं: सर्व फाइली पाठवल्या. मी फोनवर उघडून बघितलं. तिथे बत्तीस फाइली होत्या.

पुन्हा मोजल्या. बत्तीसच.

कळायला वेळ लागला नाही, आणि कळल्यावर कान गरम झाले. आमच्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक वेगळा असतो. दोन नोंदींचं नाव एकच असू शकतं हे माझ्या डोक्यात येतच नाही. मी सगळ्या फाइली एकाच जागी पाठवल्या होत्या. आणि बाबांच्या प्रत्येक फोल्डरमध्ये 'आधी' होतीच. पहिल्या 'आधी'वर दुसरी बसली, दुसरीवर तिसरी. दोन हजारांवर मशीनं एकमेकांच्या मांडीवर बसून शेवटचं तेवढं उरलं.

"काय झालं?" आईने विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे गेलं सगळं?"

"नाही, इथे आहे. पण पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागेल." मी डिस्ककडे बोट दाखवलं. टक् आता मलाही आपणहून ऐकू येत होतं.

"चार बुकं शिकलीस," आई म्हणाली, पण हसत होती. "तुझे बाबा एकदा तासभर मशीन उघडून बसले होते. पट्टाच घातला नव्हता."

स्क्रिप्ट दुरुस्त करणं सोपं होतं: आधी त्याच नावाचा फोल्डर क्लाउडवर तयार कर, मग त्याच्या पोटात फाइली ठेव. प्रश्न क्रमाचा होता. डिस्क मध्येच गेली तर जे आधी पाठवलं तेवढंच हाती राहणार. मी नव्याकडून जुन्याकडे जाणार होते.

"तसं नको," आई म्हणाली. "मी ज्यांना अजून नाही म्हटलं, ती आधी घे. सरळ माणसाला काय, कोणीही बरं करील. मिस्त्रींना हट्टी मशीनं लागतील."

ज्या फोल्डरमध्ये फाइली जास्त, ते मशीन हट्टी. एवढी एक ओळ वाढवली. ती लिहिताना सकाळच्या बत्तीस फाइली आठवल्या. त्यांत 'नंतर एकतीस' होती. एकतीस वेळा कोण परत आलं होतं?

"आई, एकतीस वेळा कोणाला नापास केलंस?"

"असेल कोणी," ती म्हणाली आणि रस्त्याकडे बघायला लागली.

स्क्रिप्ट सुरू झाली. सगळ्यांत वर फोल्डर आला: 'घरचं'.

दुपारभर आई डिस्कचा आवाज ऐकत बसली. "दम लागलाय," म्हणायची. मग, "आता बरी चाललीय." मिस्त्रीकाका चहा घेऊन आले आणि कप ठेवतानासुद्धा आवाज होऊ दिला नाही. सव्वाचारला टक् थांबलं, पाठोपाठ सगळंच थांबलं. पडदा गोठला. बंद करून पुन्हा सुरू केला, तर संगणकाला डिस्क सापडेना.

मी फोनवर मोजलं. त्र्याण्णव फोल्डर यायचे राहिले होते.

"कुठले?" आईने विचारलं.

"शेवटचे. दोन-दोन फाइलींचे."

"म्हणजे पहिल्या फटक्यात बरी झालेली." तिने सुटल्यासारखा श्वास सोडला. "जाऊ देत. ती सुखात असतील."

मी 'घरचं' उघडून 'नंतर एकतीस' लावली. तीनदा ठोकल्याचा आवाज. "हं, बोला." सहा आठवड्यांनी. मी फोन घट्ट धरला. मग आमचं घरचं मशीन चालू लागलं, इतकं एकसारखं की मलासुद्धा त्यात खोट सापडेना. थांबलं. मग आईचा आवाज, बाबांसाठी काढायची तसा मोठा: "अजून नाही."

"कुठे?"

"डावीकडे."

"बरं. उद्या बसतो पुन्हा." आणि खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज.



"डावीकडे काय होतं, वहिनी?" मिस्त्रीकाकांनी विचारलं.

"काही नव्हतं," आई म्हणाली. "ऐकू येईना तसे हे घरी आल्यावर भिंतीकडे बघत बसायचे. मशीन उघडलं की तासभर बोलायचे. दुकानाचं, तुमचं, हिच्या लहानपणाचं."

"आणि बाबांना कळलं नाही?" मी म्हटलं.

"त्या माणसाला? तेल कमी पडलंय का जास्त, हे त्याच्या बोटांना कळायचं." तिने पदराने चष्मा पुसला, बाबांचा, बाकावरचा. पुसून आपल्या पिशवीत ठेवला. "एकतीस वेळा 'कुठे' म्हणून विचारलं, एकदाही 'खोटं बोलतेस' म्हणाले नाहीत."

मिस्त्रीकाका उठले, कोपऱ्यातलं एक मशीन बाकावर घेतलं आणि चाक फिरवलं. "कालपासून ह्याच्याशी झटतोय. आता ऐका."

आईने डोळे मिटून ऐकलं.

"अजून नाही."

"कुठे?"

"उजवीकडे," ती म्हणाली. "आणि हे खरं सांगतेय."

काकांनी पेचकस उचलला. मी फोनवर नवा फोल्डर केला आणि दुखण्याचं नाव विचारायला त्यांच्याकडे बघितलं.