आपलाच फंड

मंगळवारी सकाळी अकराला नेरूळमधल्या खलाशी सोसायटीच्या प्लॉटवरचा मिक्सर बंद झाला. कंत्राटदार रावसाहेबांनी तो ट्रकवर चढवला आणि कळंबोलीच्या दुसऱ्या कामावर पाठवून दिला. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकून झाला होता, भिंती नव्हत्या. साल १९८६.

सोसायटीचे सदस्य निवृत्त बोटवाले, रॉटरडॅमच्या एका कंपनीच्या जहाजांवर राबलेले. त्या कंपनीच्या कामगारांचा पेन्शन फंड इमारतीसाठी कर्ज देत होता. पहिला हप्ता आला, दुसरा अडला. व्याजावर इथे आयकर कापला जाणार होता. तो टाळायचा तर फंड स्वतःच्या देशात कर भरतो, असा दाखला हवा. पेन्शन फंडाला तिकडे करमाफी होती. कर भरतच नाही, तर दाखला कोण देणार? आणि इथे कापाकापी होणार असेल तर म्हाताऱ्यांचे पैसे पाठवणार नाही, असं फंडाचं म्हणणं.

इथवर गुंता फंडाचा होता. पुढची गाठ सोसायटीने मारली. सेक्रेटरी विलास सकपाळने सवलतीच्या अर्जात लिहिलं, 'ही रक्कम आम्हा सदस्यांच्याच फंडाची आहे.'

बुधवारी तो शिवराम तांबेंना घेऊन आयकर कार्यालयात गेला. तांबे जहाजाच्या इंजिनरूममध्ये ऑइलर, म्हणजे यंत्रांना तेल घालणारे, होते.

"तुमचाच फंड?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "मग हे कर्ज कसलं? तुम्ही फंड काढताय. हे तुमचं उत्पन्न. कर तुम्हालाच लागेल."

"तसं नाही साहेब," तांबे म्हणाले. "बोटीवर पगारातून कापून जायचा, म्हणून आपलाच म्हणतो आम्ही."

"म्हणा. लिहू नका."

परतीच्या बसमध्ये तांब्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, "फंड म्हटला की आपलाच असतो रे. गिरणीवाल्याचा असतो, गोदीवाल्याचा असतो."

"असतो, तात्या. चुकलं माझं."

"मीच सांगितलं होतं तसं लिहायला."

तांबे आणि त्यांची बायको गोजरा जवळच्या सारसोळे गावात बायजाबाईंच्या खोलीत भाड्याने राहत. बायजाबाईंच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. खोली रविवारी रिकामी करायची होती.

"तांबेदादा, बिल्डिंग कवा होनार? कावले घरटं बांधून रायले तिकडं, तुमी हितंच."

"दाखला आला की होईल."

"कंचा दाखला?"

"कर भरतो असा. जो भरत नाही त्याचा."

बायजाबाई हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "दादा, रईवारी मना चुना मारायचा हाय."

"माहीत आहे, बाई."

शुक्रवारी विलासने नवा अर्ज दिला. त्यात 'सदस्यांच्याच' हा शब्द नव्हता. पहिला अर्ज मात्र परत मिळाला नाही, तो फाइलला लागला होता. दाखल्याऐवजी करमाफीचंच पत्र चालेल का, अशी विचारणा त्याने कार्यालयाच्या खिडकीवर केली. साहेब रजेवर होते. ते पत्र पाठवा, अशी रॉटरडॅमला तार गेली.

रविवारी बायजाबाईंच्या खोलीला चुना लागला. तांब्यांची ट्रंक, स्टोव्ह आणि बुद्धाची तसबीर दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर ताडपत्रीखाली गेली. वॉचमन मारोतीने आधी नाही म्हटलं, मग शिडी धरली. गोजराने विचारलं, "दार कुठल्या अंगाला येणार?" तांब्यांनी हात करून दाखवलं. तिने तेवढी जागा मोकळी सोडून अंथरूण घातलं.

ताडपत्री रावसाहेबांची आहे. कळंबोलीच्या कामासाठी त्यांनी ती परत मागवली आहे. सोमवारी दुपारपर्यंत तारेचं उत्तर आलेलं नव्हतं.