जिना नसलेली जागा

दाजींच्या त्या पत्राला त्यानं उत्तर पाठवलं नव्हतं. थोरल्या बहिणीच्या या नवऱ्यानंच त्याला तरुणपणी आगगाड्यांचं वेड लावलं होतं. गाडी कुठून बघायची, फोटो कसा घ्यायचा, सगळं दाजींनी शिकवलेलं. पत्र साधंच होतं. 'डोळ्यांवर आता भरवसा राहिला नाही. डॉक्टर म्हणतात, हळूहळू जाणारच. तेवढ्यात एकदा तुझ्या शहरातल्या गाड्या डोळे भरून बघून घ्याव्यात म्हणतो. चांगली जागा शोधून ठेव. जिना मात्र नको, गुडघे ऐकत नाहीत. कळवलंस की निघतोच.'

उत्तराला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. पण 'चांगली जागा' एवढ्यावर त्याचं घोडं अडलं. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्याचा जन्म गेला होता. कुठेतरी चूक राहिली असेल या धास्तीनं हातातला कागद सोडणं त्याच्या जिवावर यायचं. तिथे निदान मालक येऊन कागद ओढून न्यायचा. आता ओढणारं कोणी नव्हतं.

तो रोज कॅमेरा पिशवीत घालून बाहेर पडायचा. दाजींचे नियम त्याला पाठ होते: सूर्य पाठीशी हवा, इंजिनाच्या तोंडापुढे खांब नको, आणि वळण असलं तर सोन्याहून पिवळं, कारण मग गाडी शेपटीपर्यंत दिसते. स्टेशनजवळच्या पादचारी पुलावरून सगळं दिसायचं, पण जिना असा उभा की त्याचीच छाती भरून यायची, आणि वर दोन्ही बाजूंना जाळी. रुग्णालयामागचं वळण देखणं होतं, पण दुपारनंतर ऊन थेट डोळ्यांत. मोटारी लावायच्या एका इमारतीची गच्ची सापडली. तिथे लिफ्टही होती. तो मनातून हरखला. तेवढ्यात रखवालदार आला.

"आजोबा, गाडी कुठाय तुमची?"

"ती... खाली जातेय ती."

रखवालदारानं कठड्यावरून वाकून रुळांकडे पाहिलं. "ती तुमची? मग जपून चालवा हं."

परवानगी विचारायची ती हीच वेळ होती. पण त्याचे कान तापले आणि तो मुकाट्यानं खाली उतरला. पुन्हा त्या इमारतीकडे फिरकला नाही.

एक जागा तर पहिल्याच आठवड्यात दिसली होती. रुळांना खेटून जाणाऱ्या गल्लीत सायकल दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानासमोर बाकडं, पलीकडे कमरेएवढं कुंपण आणि लगेच रूळ. दुकानदारानं फडक्यानं बाकडं पुसून दिलं होतं.

"बसा काका. फोटो काढायचाय? इथून नाही जमायचं. हत्तीला चिकटून उभं राहिलं की नुसता कान येतो."

खरंच होतं ते. चौकटीत जेमतेम दीड खिडकी मावत होती. तो ओशाळं हसला आणि त्यानं ती जागा मनातून काढून टाकली.

उन्हाळा सरला. सूर्य सरकला तशा जागाही बिघडल्या. जिथे सकाळी छान उजेड असायचा तिथे आता समोरच्या इमारतीची सावली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मधेच ताईचा फोन आला.

"कळवलंस का रे यांना?"

"बघतोय, ताई. एक जागा जवळजवळ नक्की आहे."

"तुझं लग्नही असंच जवळजवळ नक्की होतं."

पुढच्या फोनला मात्र ताईच्या आवाजात टोमणा नव्हता.

"आता घाई करू नकोस," ती म्हणाली. "यांना उजेड आणि अंधार तेवढाच कळतो. परवा कप टेबलाबाहेर ठेवला. फुटल्यावर स्वतःच हसले."

"माझ्यावर रागावलेत का?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. येईल त्याला सांगतात, तो शोधतोय, उगाच वाटेल ती जागा सांगायचा नाही."

दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा न घेताच निघाला. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. पाय आपोआप त्या गल्लीत वळले. तो बाकड्यावर बसला. थोड्या वेळानं रूळ गुणगुणायला लागले. मग दुकानाच्या भिंतीवर टांगलेले लोखंडी पाने वाजू लागले, बाकडं थरथरलं, आणि गाडी अंगावरून गेल्यासारखी समोरून गेली. वाऱ्यानं सदरा फुगला. खिडकीत एक बाई लेकराचे केस विंचरत होती. तिच्या हातातली फणीसुद्धा त्याला दिसली.

इतक्या जवळून दाजींना तेव्हा सगळं दिसलं असतं. अधू डोळ्यांनाही दिसलं असतं. फोटो काढायचाय असं दाजींनी पत्रात कुठेच लिहिलं नव्हतं. बघायचंय, एवढंच लिहिलं होतं. आणि तो इतके दिवस कॅमेऱ्यासाठी जागा शोधत हिंडला.

तो बराच वेळ तिथेच बसला. मग उठून, शब्द जुळवत दुकानदाराला म्हणाला, "माझे दाजी येतील कदाचित. त्यांना दिसत नाही. थोडा वेळ इथे बसले तर चालेल?"

"बाकडं काय माझ्या सासऱ्यानं आंदण दिलंय? बसू द्या की दिवसभर."

घरी येऊन त्यानं लिहायला घेतलं. 'दाजी, जागा सापडली. खरं म्हणजे तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात सापडली होती, पण मला ती ओळखता आली नाही. हे ताई तुम्हाला वाचून दाखवेल तेव्हा मला तोंड दाखवायला जागा नसेल. इथे जिना नाही. बसायला बाकडं आहे. गाडी इतकी जवळून जाते की वारा अंगावर येतो. तुम्हाला यावंसं वाटलं तर न्यायला मी स्वतः येतो.'

शेवटची ओळ दोनदा खोडून पुन्हा लिहिलेली होती. एरवी त्यानं अख्खं पत्र पुन्हा उतरवून काढलं असतं. या वेळी त्यानं तसंच पाकिटात घातलं.

टपालपेटीपाशी त्याचा हात थबकला. बघायला बोलावलं होतं तेव्हा आपण गप्प बसलो, आता कशाला बोलावतोय, असं काहीसं मनात आलं. पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "टाकताय ना, आजोबा?"

"हो," तो म्हणाला, आणि त्यानं पाकीट सोडलं.