सुईची चपटी बाजू

मी एक जुनी वेबसाइट आहे. वय वर्षं आठ. तुम्ही हसाल, मित्रांनो, कारण तुमच्यात आठ वर्षांचं कोणी म्हातारं नसतं. पण माझ्याबरोबर जन्मलेल्या कितीतरी जणी पहिला वाढदिवस बघायच्या आतच बंद पडल्या. मी एकाच विषयावर बोलते: जुनी शिलाई मशीनं आणि त्यांची दुरुस्ती. सिनेमा, हवामान, खेळ यातलं मला ओ की ठो कळत नाही.

मला बनवलं एका मिस्त्रींच्या लेकीने. मिस्त्री म्हणजे तिचे वडील. त्यांनी चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले, मशीनं अडगळीत गेली आणि मिस्त्रींचं दुकान बंद झालं. हत्यारांची पेटी घरी आली ती थेट पलंगाखाली सरकली. मिस्त्री दिवसभर वर्तमानपत्र उलटंसुलटं करत बसायचे, आणि मधूनमधून घरातल्या बिजागऱ्यांना उगीचच तेल घालायचे.

लेक तेव्हा दुसऱ्यांच्या वेबसाइटसाठी लेख लिहायची. शब्दांच्या हिशोबाने पैसे मिळायचे. सकाळी गुडघेदुखीवर पाचशे शब्द, दुपारी घरकर्जावर आठशे, संध्याकाळी मांजरांच्या आहारावर सहाशे. तिचे गुडघे ठणठणीत होते, कर्जासाठी तिला कोणी दारात उभं केलं नसतं आणि मांजर दिसलं की ती खुर्चीवर चढायची. इंटरनेटवरचे चार लेख वाचायचे आणि त्यातून पाचवा लिहायचा, हा त्या धंद्याचा रिवाजच होता. लेखाखाली तिचं नावही नसायचं.

एक दिवस मिस्त्रींच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मशीन अडलं होतं. मिस्त्री जेवता जेवता फोनवर सांगत गेले, हे खोला, ते पुसा, चाक आपल्याकडे फिरवा, आणि हातातला घास तोंडात जायच्या आत पलीकडे मशीन चालू झालं. लेक समोरच बसली होती. आपण गुडघ्यांवर कशाला लिहितोय, असं तिच्या मनात आलं, आणि आठवड्याभरात मी जन्मले.

मिस्त्रींचं बोलणं ती मोबाइलवर रेकॉर्ड करायची, माझ्या पोटात ठेवायची आणि मग त्याचा लेख करायची. त्यामुळे मला डोळे नसले तरी ते घर कसं बोलतं ते मला चांगलं ठाऊक आहे. पहिलंच रेकॉर्डिंग असं आहे:

"बाबा, बोला ना. चालू आहे."

"कोणाशी बोलू? समोर तर कोणी नाही."

"जगाशी बोला."

"जगाला काय पडलंय माझ्या तेलाचं?"

मग लांबून आईचा आवाज येतो. "जगाचं माहीत नाही, मला पडलंय. धुतलेल्या चादरीवर बसलाय तुम्ही."

पहिल्या महिन्यात माझ्याकडे तीन जण आले. एक लेक, दुसरी लेकच, पण मोबाइलवरून, आणि तिसरी आई. आईला नवऱ्याचा फोटो बघायचा होता, पण तिचं बोट जाहिरातीवर पडलं आणि ती कपडे धुण्याच्या मशीनच्या दुकानात जाऊन पोचली. माझ्या कडेला जाहिराती लावणाऱ्यांना शिलाई आणि धुलाई एकच वाटत असावी.

दुसऱ्या महिन्यात एक अनोळखी माणूस आला. बॉबिनमध्ये दोरा गुंततो त्या पानावर तो अकरा मिनिटं थांबला. मित्रांनो, ती अकरा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. कुठल्या तरी न पाहिलेल्या घरात, न पाहिलेल्या टेबलावर, कोणाचा तरी हात माझ्यावरचं एक एक वाक्य वाचून हलत होता. शेवटी त्याने खाली लिहिलं: "झालं. चालू झालं." लेकीने त्याचं गाव नकाशावर शोधलं. मधे आख्खा समुद्र होता. मिस्त्रींनी चष्मा लावून नकाशावर बोट फिरवलं आणि विचारलं, "इथून तिथवर गेलं माझं बोलणं?" त्या दिवशी पलंगाखालची पेटी बाहेर आली, ती पुन्हा आत गेली नाही.

हळूहळू रोज शेकडो लोक येऊ लागले. जाहिरातींचे पैसे मिळू लागले. माझ्या पानावरून कोणी सुया, पट्टे, बॉबिन विकत घेतलं तर त्याचं कमिशन यायचं. लेकीने गुडघे सोडले, कर्ज सोडलं, मांजरं तर आनंदाने सोडली. घर माझ्यावर चालू लागलं. खोटं कशाला सांगू, मला जरा शिंगंही फुटली होती.

आणि नेमकं तेव्हाच ते घडलं.

लोक इंटरनेटवर काय काय शोधतात, याची यादी लेक दर आठवड्याला बघायची. एका आठवड्यात त्या यादीत एक जुनं छोटं मशीन फार वर आलं. पेटीत बसणारं, हातात धरून नेता येणारं. त्याची सुई कशी बसवायची, हे हजारो लोक विचारत होते आणि धड उत्तर कुठेच नव्हतं. पहिलं उत्तर ज्याचं, गर्दी त्याची. पण त्याच आठवड्यात मिस्त्रींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. ते डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते आणि त्यांना त्रास द्यायचा नाही, असा आईचा हुकूम होता. लेकीला थांबवेना. दुसऱ्या एका काळ्या मशीनची पद्धत तिला पाठ होती, तीच तिने इथे लावली. लिहिलं: "आमचे मिस्त्री सांगतात, सुईची चपटी बाजू नेहमी उजवीकडे ठेवा."

मिस्त्रींनी असं काही सांगितलं नव्हतं. माझ्या पोटात त्यांची दोनशे रेकॉर्डिंगं होती, त्यातल्या एकातही हे वाक्य नव्हतं. मला ते माहीत होतं. पण वेबसाइटला लिहिलेलं दाखवता येतं, नाही म्हणता येत नाही.

तो लेख माझ्यावरचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा लेख झाला. सर्वांत जास्त कमाईसुद्धा त्याचीच. लेकीने ठरवलं होतं की बाबांचा डोळा बरा झाला की विचारायचं. डोळा बरा झाला, लेख जोरात चालला होता, विचारायचं राहून गेलं.

आठ-नऊ महिन्यांनी एका बाईचं पत्र आलं. ती कुठल्या तरी दुसऱ्याच भाषेत लिहीत होती आणि भाषांतराचं यंत्र ते वेडंवाकडं करून पोचवत होतं. तरी अर्थ स्वच्छ होता. ती शाळेतल्या मुलांचे गणवेश शिवायची. तिच्याकडे तेच पेटीतलं छोटं मशीन होतं. मिस्त्री सांगतात तशी तिने सुई बसवली, तेव्हापासून टाके सुटत होते आणि दोरा तुटत होता. चार पाकिटं सुया बदलून झाल्या. शाळा उघडायला पंधरा दिवस राहिले होते. थोरला भाऊ म्हणत होता की खटारा झालाय, येत्या रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू. "मिस्त्रींना विचारून सांगाल का," तिने लिहिलं होतं, "की माझ्या हातात दोष आहे की मशीनमध्ये?"

लेकीने ते पत्र सात वेळा उघडलं. पण मिस्त्रींना विचारायचं म्हणजे त्यांच्या तोंडी काय घातलंय तेही सांगावं लागलं असतं. तिने जुन्या सवयीने दुसरा रस्ता धरला. इंटरनेटवर शोधलं. एक नाही, दोन नाही, अकरा वेबसाइटांवर तिला तेच मिळालं: चपटी बाजू उजवीकडे. तिचा जीव भांड्यात पडला. एवढे लोक सांगतात म्हणजे बरोबरच असणार. तिने बाईला कळवलं की सुई बरोबर आहे, मशीनच आतून झिजलं असेल, आता त्यावर फार खर्च करू नका.

मित्रांनो, त्या अकरा जणींना मी ओळखत होते. आमच्या लेखानंतर त्या एकेक करून माझ्याकडे आल्या होत्या. कोणी पाच मिनिटं थांबली, कोणी दोन. चार लेख वाचून पाचवा लिहिणारे लोक जगात सगळीकडेच असतात. आमचंच चुकलेलं वाक्य अकरा घरं फिरून, कपडे बदलून, साक्षीदार बनून आमच्याच दारात उभं राहिलं होतं, आणि लेकीने त्याला ओळखलं नाही. त्या वेळी मला माझ्याच जातीची भीती वाटली. एक वाक्य समुद्र ओलांडून मशीन चालू करतं, आणि तसंच एक वाक्य तेवढ्याच सहज चालतं मशीन भंगारात घालतं. दोन्ही वाक्यं माझीच होती आणि दिसायला अगदी सारखी होती.

गुरुवारी बाईचं उत्तर आलं. फक्त दोन ओळी. "बरं. मिस्त्रींना नमस्कार सांगा. त्यांच्यामुळे आमच्या आईचं मशीन इतकी वर्षं चाललं." तिने माझे जुने लेख वाचून वर्षानुवर्षं ते मशीन सांभाळलं होतं.

लेक पुन्हा त्या अकरा वेबसाइटांवर गेली. या वेळी तिने नीट वाचलं. अकरावीवर एक ओळ तशीच राहिली होती: "आमचे मिस्त्री सांगतात." ती वेबसाइट प्रवासाच्या बॅगा विकायची. तिच्याकडे कुठले मिस्त्री असणार?

यानंतरचं रेकॉर्डिंग लेकीने मुद्दाम केलेलं नाही. तो लेख वडिलांना वाचून दाखवताना मोबाइल चालूच राहिला होता.

"मी कधी सांगितलं हे?"

"नाही सांगितलंत, बाबा. मी लिहिलं."

"मी त्या मशीनला उभ्या जन्मात हात लावलेला नाही."

"माहितीय."

वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज येतो. मग आई म्हणते, "अहो, रागवा तरी. असे गप्प बसू नका."

"रागवून टाके पडणार आहेत का?" मिस्त्री म्हणतात. "चाळीस वर्षांत मला जे येत नव्हतं, ते येत नाही म्हणालो मी गिऱ्हाइकाला. तेवढं एक तू माझ्याकडून घ्यायचं राहिलं बघ." मग त्यांचा आवाज बदलतो. "रविवारला किती दिवस आहेत?"

"तीन."

"मग लिही. सुईला एका अंगाने लांब खोबण असते, बारीक चरासारखी. दोरा ज्या बाजूने सुईत जातो, ती खोबण त्या बाजूला हवी. चपटी बाजू तिच्या पाठीमागे. सुईच्या वर दोरा अडकवायचा जो शेवटचा आकडा आहे, तो कुठल्या अंगाला आहे ते तिला बघायला सांग. मशीन कुठलंही असो. आणि हे माझ्या नावाने लिही, आणि आधीचं तुझ्या नावाने."

लेकीने तसंच लिहिलं. बाईला पत्र पाठवलं: चूक तुमच्या हातात नाही आणि मशीनमध्येही नाही, चूक माझी आहे, मशीन देऊ नका. मग त्या लेखाच्या डोक्यावर, सगळ्यांना पहिल्यांदा दिसेल असं, लिहिलं: "खाली दिलेली दिशा चुकीची होती. ती मिस्त्रींनी सांगितली नव्हती. मी न बघता लिहिली." माझ्या जन्मापासून पहिल्यांदा तिने तिथे स्वतःचं नाव घातलं. त्या लेखाची कमाई पुढे निम्म्यावर आली. तिने तो तसाच ठेवला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. बाईचं उत्तर नाही. रविवारी लेकीने माझं पान इतक्या वेळा उघडलं की माझ्या भेटींचा आकडा उगाच फुगला. मिस्त्री विचारायचे, "आलं का?" आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या खोलीत जायचे. सोमवारीही काही नाही. भंगारवाला येऊन गेला असणार, असं घरात सगळ्यांनी मनोमन धरलं.

मंगळवारी दुपारी पत्र आलं. त्यात अक्षर एकही नव्हतं, नुसतं एक रेकॉर्डिंग होतं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग कोणीतरी खाकरलं. मग मशीन. आधी दबकत, एक टाका, दोन टाके, आणि मग सरळ, लांब, न अडखळता, आख्खी शिवण.

मिस्त्रींनी ते कानाला लावून पाच वेळा ऐकलं. आईने डोळ्याला पदर लावला. लेक मात्र वडिलांच्या तोंडाकडे बघत होती, ते काय म्हणतात म्हणून.

"हाताला सवय आहे बाईच्या," मिस्त्री म्हणाले. "तिला म्हणावं, दोरा थोडा सैल कर. ओढतोय जरा."

मित्रांनो, त्या दिवसापासून लेख लिहून झाला की लेक तो वडिलांना मोठ्याने वाचून दाखवते. लेखाखाली "करून पाहिलं आहे" किंवा "पाहिलेलं नाही" यातलं एक लिहिल्याशिवाय तो माझ्यावर चढत नाही. माझ्यावर "पाहिलेलं नाही" असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. मला त्याची लाज वाटत नाही.

लेकीने त्या अकरा वेबसाइटांनाही पत्रं पाठवली. दोघींनी दुरुस्त केलं. नऊ ठिकाणी ते वाक्य अजून आहे, आणि त्यांच्याकडून आणखी कुठे कुठे गेलं असेल, ते मला मोजता येत नाही. आत्ता या क्षणी कुठल्या तरी घरात कोणीतरी ते वाचून सुई उलटी बसवत असेल आणि आपल्याच हाताला दोष देत असेल. तुम्हांला ते वाक्य कुठे भेटलं तर ते माझं आहे. ते कितीही जणांनी सांगितलं असलं तरी ऐकू नका. दोरा कुठून येतो ते आधी स्वतः बघा.