सहावा बाइट

बोकड माझाच. हे आधीच सांगून टाकतो.

मच्छे गावातल्या आमच्या कारखान्यात हायड्रॉलिक पंप तपासायचा बेंच हाय. पंप जोडायचा, तेलाचा दाब वाढवत न्यायचा. कॉम्प्युटर सगळं बघतो आणि टेस्ट संपली की 'पीं' करतो. ती पीं धा वर्सं माझ्या डोक्यात जात व्हती. मी मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन, नागेंद्र, वय अठ्ठेचाळीस, सुधारायची आशा घरच्यांनी सोडलेली. तीन आठवड्यांमागं मी त्या प्रोग्राममधे हात घातला. तवापासनं टेस्ट संपली की बेंच बोकडागत 'ब्यँऽऽ' करायचा.

अख्खं शॉप हसलं. बेंच चालवणारी नीलम तर मॉनिटरवर शेवग्याचा पाला आणून ठेवायची. आमचे म्यानेजर जिनेंद्र साहेब, निपाणीकडचे, लई गंभीर माणूस. त्यांनीबी तोंडाला रुमाल लावला आणि हसू दाबत केबिनमधे गेले.

मंगळवारी तेलाचा होज, म्हंजे रबरी नळी, फुटला. दाब अडीचशेला आपोआप थांबायला पायजे, तो साडेतीनशेच्या वर गेला. मधी जाळी व्हती म्हणून नीलम वाचली, पण गरम तेल मनगटावर उडालं.

"अण्णा, स्क्रीन गोठलीती," पट्टी बांधून घेताना ती मला म्हणाली. "लाल बटनाकडं हात नेला, तवर फुटलंच."

चौकशीच्या कागदावर आलं, ऑपरेटरचं लक्ष नव्हतं. बुधवारी तीन वाजता तिनं सही करायची. पुढच्या महिन्यात ती पर्मनंट व्हणार व्हती. ह्या कागदावर सही केली की पर्मनंट राह्यलं बाजूला, नोकरीच गेली.

बुधवारी सकाळपासनं माझं बूड खुर्चीला टेकंना. 'स्क्रीन गोठलीती' हा भुंगा कानात शिरलेला.

कारण त्या बेंचवर 'पीं' करणारं आणि दाब वाढल्यावर पंप बंद पाडणारं काम एकाच फंक्शनमधे, प्रोग्रामच्या एकाच तुकड्यात व्हतं. एक नंबर आला तर टेस्ट संपली, दोन आला तर धोका. मूळ प्रोग्राम लिवणाऱ्यानं दुकान बंद करून कवाच गाव सोडलेलं, त्याचं लिखाण कुणाकडं न्हाय. आपल्या हातात फकस्त मशीन कोड, म्हंजे आकड्यांची लांबच लांब माळ. मी काय केलतं, त्या फंक्शनच्या तोंडालाच उडी बसवली. उडी मारून माझ्याकडं यायचं. एक नंबर असला तर बोकड. दुसरं काय असलं तर मूळ जागी परत जाऊन आपलं काम करायचं. उडीला पाच बाइट, म्हंजे माळेतले पाच आकडे, लागत्यात. म्हणून तोंडाचे पाच बाइट उचलून माझ्याकडं ठेवले, ते आधी चालवायचे, मग परत जायचं.

पाच का? डोळ्यानंच मोजले, अंदाजानं. डिप्लोम्याला किटवर एकेक बाइट बोटानं दाबून शिकलेला माणूस मी, मला कोण इचारणार, ही घमेंड. बोकड वरडला, म्हटलं झालं. दोन नंबर तपासून बघायचं डोक्यातबी आलं न्हाय.

मूळ फाईल माझ्या पेनड्राईव्हवर व्हती. ती परत टाकायला दोन मिनटं. बोकड जाईल, बेंच नीट व्हईल, आणि कुणाला कधी कळणार न्हाय. दोनदा पेनड्राईव्ह लावला, दोनदा काढला. मग उठून पाणी प्यालो. मग परत उठून कशाला उठलो तेच आठवंना.

आधी बघू तरी, म्हटलं. आपलं नसलं तर सुटलो.

आकड्यांच्या माळेतनं हुकूम वेगळं करणाऱ्या प्रोग्रामला डिसअसेंबलर म्हणत्यात. मोठमोठे फुकट मिळत्यात, पण आमच्या शॉपातनं काय डाउनलोड करायचं तर आयटीची परवानगी, ती मिळूस्तवर नीलम घरात. आणि मला अख्खी पोथी वाचायची नव्हती. एक हुकूम कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू व्हतो, एवढंच पायजे व्हतं. संकेश्वरला आमच्या शेतात उसाचं बेणं तोडत्यात ना, तसं. दोन डोळ्यांच्या मधी कोयता बसला तर कांडी उगवती. डोळ्यावर बसला की ती गेली. माळेत डोळे कुठं हायत, तेवढं बघायचं.

ल्यापटॉपवर तसला एक छोटा प्रोग्राम स्वतःच लिवायला बसलो. ५५ आला की एक बाइट. '८B' आला की (ह्या माळेत अक्षरंबी आकडेच) पुढचा एक धरून दोन. ८३ आला की तसंच, दोन. बारा-पंधरा आकड्यांचा तक्ता झाला आणि चालवला.

एक. दोन. दोन. बरोब्बर पाच.

जीव भांड्यात पडला. कॅन्टीनला गेलो, दोन प्लेट भजी सांगितली, तिथल्या मालुबाईच्या चष्म्याची चेष्टा केली. एक भजं तोंडात हाय, आणि डोक्यात ती पुढची ओळ वळवळायला लागली. पाचाच्या पुढं माझ्या डिसअसेंबलरनं एक येडीबागडी ओळ काढलीती. काय संबंध नसलेल्या जागी कायतर मिसळ म्हणून सांगणारी. फंक्शनच्या तोंडाला असलं कोण शहाणा लिवंल?

"खा की वो, गार व्हतंय," मालुबाई म्हणाली.

"तुमीच खावा," म्हणून पळालो.

डिप्लोम्याचं जुनं पुस्तक ल्यापटॉपवर व्हतं. ८३ चं पान काढलं. ८३ च्या पोटात आणि एक आकडा असतोय. दोन न्हाय, तीन बाइट. डोळ्यानं मोजताना चुकलतो, तीच चूक मी तक्त्यात लिवलीती. गाढवानं दुसऱ्या गाढवाची साक्ष काढलीती. तक्ता सुधारला.

एक. दोन. तीन. सहा. आणि पुढच्या ओळी शाण्या पोरांगत रांगेत.

कोयता डोळ्यावर बसलेला. सहावा बाइट माझ्या उडीच्या मागं एकटाच पडलेला. बोकड चालायचा, कारण त्याला परत जायचंच नव्हतं. धोक्याचा नंबर आला की मात्र मशीन तुटक्या हुकमावर आपटून गोठायचं. पंप चालूच.

सव्वादोन झालेले. साहेबांच्या केबिनमधे गेलो.

"साहेब, होज मी फोडला."

जिनेंद्र साहेबांनी मान वर केली न्हाय. "सुम्नीर्री अण्णा. गप बसा. आज चेष्टा नको."

"चेष्टा न्हाय. बोकडामुळं झालं."

"पोरीला वाचवायला सोंग काढलंय. मन मोठं हाय तुमचं, जावा."

जलमभर थापा मारल्या, सगळ्या खपल्या. एक खरं बोललो, ते खपंना.

"वीसला लावून दाखवतो," म्हणालो. "वीसला काय फुटत न्हाय. तुमी मेन स्विचवर हात ठेवून उभं ऱ्हावा."

ते उठले. नीलमला मी बोलवलं नव्हतं, तरी ती आली. मर्यादा अडीचशेची वीस केली, पंप सुरू केला. अठरा. वीस. स्क्रीन गोठली. काटा पंचवीस, तीस, पस्तीस. साहेबांनी मेन ओढला.

मी ल्यापटॉप लावला, पाचाच्या जागी सहा बाइट उचलले, परत यायची जागा एकानं पुढं सरकवली. परत वीस. पंप खाडकन बंद पडला.

साहेबांनी तो कागद घेतला, नीलमच्या नावावर रेघ मारली, माझं लिवलं. त्याखाली स्वतःचंबी लिवलं. "मला ठाव व्हतं मशीनला हात लागलाय," म्हणाले. "हसत बसलो. अण्णा, तुमच्यावर कारवाई व्हणार. बेंचची किल्ली द्या."

दिली. म्हटलं आता नीलम कायतर बोलंल. चांगल्या हातानं तिनं सकाळी बसवलेला नवीन होज घट्ट केला, मर्यादा परत अडीचशे केली, मुद्दाम अडीचशेच्या वर दाब नेणारा पंप जोडला.

"अण्णा, दुरुस्त झालंय म्हणताय न्हवं?"

"झालंय की गं."

"मग मी जिथं उभी व्हते, तिथं उभं ऱ्हावा. बटनाला हात लावायचा न्हाय."

साहेबांकडं बघितलं. त्यांनी होजकडं बघितलं, आणि ते बाजूला सरकले. मी जाळीच्या मागं जाऊन उभा राह्यलो. तिनं सुरू केलं. शंभर. दीडशे. होज जित्या जनावरागत ताठ झाला. दोनशे. हात खिशात घातले, काढले. दोनशे तीस. सहा म्हंजे सहाच ना, एक-दोन-तीन, मी परत मोजत व्हतो. दोनशे पंचेचाळीस.

अडीचशे. पंप बंद पडला. काटा खाली आला.

मी जाळीच्या बाहेर पाय टाकला.

"तिथंच थांबा," नीलम म्हणाली. "परत."